देविकाची भीती

सौदामिनीचं बासष्टावं भयकथांचं पुस्तक आलं. नांदेडला कॉलेजात ती आणि देविका बरोबरच लिहायला लागलेल्या. आता तिची पुस्तकं एसटी स्टँडवर हातोहात खपतात आणि आपण लातुरात दुपटी वाळत घालतोय, या विचारानं देविकाचा जीव नुसता जळायचा.

बाळाला बघायला आलेली सौदामिनी चहा पिताना म्हणाली, "देवे, तुझ्या भीतीवरच माझी निम्मी पुस्तकं झाली बघ. आता आई झालीस. सध्या कशाला भिऊन राहिलीस?"

देविका दिवसातून दहादा झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. ते अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "हे मी लिहिणार आहे."

"तू? अगं, पोरगी लिहू देईल का?"

"ते माझं मी बघते. तू चहा पी."