करंगळीचा खळगा

"खळगा कुठे गेला?"

काका स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले होते. मी वॉकरच्या मुठीचं चित्र फिरवून दाखवलं. मागच्या टोकाशी, जिथे एकवीस वर्षं बोटाएवढा खळगा होता, तिथे आता गुळगुळीत वळण होतं.

"सॉफ्टवेअरनं काढून टाकला, काका. मूठ अकरा टक्के हलकी झाली, शिवाय..."

"मी वजन विचारलंय का तुला?"

आमच्या कारखान्यात वॉकर, कुबड्या आणि काठ्या बनतात. त्यांची ड्रॉइंग काढणारे काका इथले सगळ्यांत जुने. मी आले आठ महिन्यांपूर्वी, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या सॉफ्टवेअरबरोबरच. जुनी ड्रॉइंग दिली की ते नवी रचना सुचवायचं. पण आधी प्रत्येक मापामागचं कारण त्याला सांगावं लागायचं. म्हणून दोन महिने मी काकांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं.

"पाय इतके फाकलेले का?"

"म्हातारं माणूस कडेला झुकलं तर आडवं होऊ नये म्हणून. लिही, सॉफ्टवेअरवाले."

अशी एकशे बारा मापं. नियम मीच ठरवला होता: कारणाचा रकाना रिकामा असेल, तर ते माप सॉफ्टवेअरनं खुशाल बदलावं. खळग्यापाशी काका म्हणाले होते, "ते असू दे. पुढचं घे." मी पुढचं घेतलं. रकाना रिकामा राहिला.

आता त्यांनी खालचा खण उघडला. फायलींच्या तळातून एक पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपर काढून माझ्यासमोर पसरला. त्यावर पेन्सिलीनं गिरवलेला बाईचा हात होता. बाकीची बोटं आत वळलेली, करंगळी तेवढी ताठ. शेजारी बारीक अक्षरांत मिलिमीटर.

"तुझी काकू. अर्धांगानंतर बाकीची बोटं मिटायची, ही बाईसाहेब मात्र वेगळी उभी. मी म्हणायचो, करंगळी रुसलीय. तर म्हणायची, तुमच्यावर गेलीय." ते हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "वॉकर धरला की नळीला घासून सोलून निघायची. म्हणून तिला टेकायला जागा केली."

"मग त्या दिवशी सांगायचं ना, काका!"

"काय सांगू? कारखान्याच्या मुठीत बायकोची करंगळी बसवली म्हणून? तेव्हाच्या साहेबांना सांगितलं होतं, घाम निथळायला आहे. त्यांना पटलंसुद्धा."

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती, एवढं मला माहीत होतं. मी घाईघाईनं तक्ता उघडला.

"मी आत्ता कारण लिहिते. दोन मिनिटांत खळगा परत येईल."

"थांब. चाचणीत काय आलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि आकड्यांच्या बाबतीत त्यांनीच मला कधी सूट दिली नव्हती.

"चाळीस जणांना दोन्ही मुठी धरायला दिल्या. सदतीस जणांना नवी बरी वाटली."

"जुनीत काय वाईट?"

"खळग्याची कड बोटाला टोचते म्हणाले."

"टोचते?"

"हो."

"एकवीस वर्षं टोचत होती?"

कोपऱ्यातल्या नमुन्यांच्या फळीवरच्या मुठींकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"रकाना रिकामा सोडू नये. पुढच्या माणसाला कळायला हवं."

एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं, 'एका वापरणारीसाठी.' थोडं थांबून पुढे लिहिलं, 'आता गरज नाही.' मग नव्या ड्रॉइंगच्या कागदावर, मंजुरीच्या चौकटीत, नेहमीसारखी स्वच्छ सही केली.

मी प्रिंट घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघाले. दारातून मागे पाहिलं. काकांनी फळीवरची जुनी मूठ उतरवली होती. ती हातात धरून करंगळी खळग्यात ताठ ठेवायचा प्रयत्न करत होते. दुसऱ्या हातानं ती सरळ करायचे, सोडायचे.

ती पुन्हा पुन्हा बाकीच्या बोटांबरोबर मिटत होती.