चारी साफ कोण करणार

शितलचं डोकं सकाळपासून तापलं होतं. दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या शिरूरच्या एका कंपनीत ती डेव्हलपर होती. वजनकाट्याचा आकडा स्क्रीनवर आणणारा कोड कंपनीनं ओपन सोर्समधून, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आयता उचललेला. त्यातली एक चूक तिनं कधीच दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती मूळ कोड सांभाळणाऱ्यांना पाठवू द्या, म्हणून ती मालकाच्या, सत्यजीतच्या, किती मागे लागली. "आपली मेहनत लोकांना कशाला वाटायची?" एवढंच त्याचं उत्तर. मग मूळ कोडाची नवी आवृत्ती घेतली की तिची दुरुस्ती पुसली जायची आणि तीच चूक परत यायची.

आजही तेच झालं. दौंडकडच्या केंद्रांवर शेतकरी कॅन घेऊन ताटकळले आणि स्क्रीनवर नुसतं शून्य.

"फुकटे लोक, फुकटा कोड," सत्यजीत मूळ कोड लिहिणाऱ्यांच्या नावानं सगळ्यांसमोर ओरडला. "कामचुकार साले."

शितल ताडकन उठली. सत्यजीतचे वडील आनंदराव, न्हावऱ्याच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष, शेजारीच चहा पीत बसले होते.

"आबा, कालव्याच्या चारीचं पाणी घेतो, पण चारी साफ करायला कधी येत नाही, अशा माणसाचं तुम्ही काय करता?"

"करायचं काय? भर मीटिंगमधी उभा करतो आन् इचारतो, लाज हाय का न्हाई तुला."

शितल सत्यजीतकडे वळली.

"आबा विचारतायत, सर."