नथीचं नाक

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. मालिनीबाईंच्या मते त्यात नाकाचीही भर घालायला हवी होती. दाढी जमते, टक्कल जमतं, कुबड तर काय, उशी बांधली की झालं. नाक मात्र भल्याभल्यांचं फसतं. ते चेहऱ्याच्या ऐन मध्यावर बसलेलं असतं आणि बघणारा मेला आधी तिकडेच बघतो.

हे त्या अनुभवाने बोलत. लहानपणी त्यांचे वडील पेठ तालुक्यात मास्तर होते. तिथे बोहाड्यात मुखवटे चढवून नाचणारी देवांची नि राक्षसांची सोंगं बघून पोरीला जे वेड लागलं, ते पन्नाशी जवळ आली तरी उतरलं नव्हतं. गंगापूर रोडच्या त्यांच्या कॉलनीत फॅन्सी ड्रेसची स्पर्धा जाहीर झाली, की आया आपापली पोरं धरून त्यांच्या स्वयंपाकघरात हजर. तिथे तागाच्या दाढ्या व्हायच्या, अंड्यातला पांढरा भाग लावून कोवळ्या गालांवर सुरकुत्या यायच्या, मेणाच्या गोळीत लवंगेची काडी खोचली की चामखीळ तयार. रक्तासाठी काकवीत कुंकू कालवायचं. एकदा या रक्ताला मुंग्या लागल्या आणि धारातीर्थी पडलेला सेनापती स्टेजवर उठून अंग खाजवायला लागला. ती फजिती त्या स्वतःच हसून हसून सांगत.

पूर्वी त्या नाटकात कामंही करायच्या. महिला मंडळाचं नाटक म्हटलं की मालिनीबाईंना एक फक्कड भूमिका ठरलेली असे. मग यजमान गेले. जिल्हा परिषदेत नोकरी लागली, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, घर सावरलं. पण त्यानंतर पाच वर्षांत मंडळातून काम विचारायला कुणी आलं नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही हो, तेवढी सभ्यता कॉलनीत होती. दाढ्यामिशा करून घ्यायला मात्र सगळ्या यायच्या. मालिनीबाई करून द्यायच्या आणि विंगेत उभं राहून दुसऱ्यांची कामं बघायच्या. त्यांना त्याचं फार वाईट वाटे. पुन्हा एकदा त्या उजेडात उभं राहायचं होतं त्यांना, दुसरं काही नको होतं.

एकोणऐंशी सालच्या रामनवमीला मंडळाने शूर्पणखेचा प्रवेश करायचं ठरवलं. ज्या गावाचं नावच मुळी कापलेल्या नाकावरून पडलं असं सांगतात, त्या नाशकात दुसरं काय करणार? लक्ष्मण ठरला. शेजारची श्यामला उंचीला चांगली, आवाज खणखणीत, तलवार तिलाच शोभली असती. राम ठरला, सीता ठरली. शूर्पणखा काही ठरेना. पहिल्या बाईंच्या सासूबाई कडाडल्या, "सवाष्णीचं नाक भर सभेत कापणार? तेही चैत्रात?" दुसरीच्या नवऱ्याने हसत हसत नाही म्हटलं. तिसरीला एकाएकी माहेरी जायचं निघालं.

याचा पत्ता नसल्यामुळे मालिनीबाई मात्र नाकाच्या मागे लागल्या होत्या. प्रेक्षकांसमोर कापलं जाईल आणि रक्त येईल असं नाक करून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. कणकेचं नाक केलं, ते वाळून तडकलं. मेणाचं केलं, ते मार्चच्या उन्हात हनुवटीपर्यंत आलं. शेवटी त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिस आणलं. आधी आपल्याच नाकाचा साचा काढून बघू, म्हणून तोंडाला खोबरेल चोपडलं, श्वासासाठी पपईच्या पानांचे पोकळ देठ नाकपुड्यांत घातले आणि आरशासमोर बसून प्लास्टर थापलं. ते घट्ट होईपर्यंत ओठ हलवायचा नाही, नाहीतर तडा जातो.

नेमक्या त्याच वेळी मंडळाच्या अध्यक्षा सुलाबाई दार ढकलून आत आल्या.

"अगबाई!" असं किंचाळून त्या आधी उंबऱ्याबाहेर गेल्या. मग हे पांढरं ढेकूळ म्हणजे मालिनीबाईच, असं लक्षात आल्यावर परत आत येऊन पाटावर टेकल्या. समोरची बाई काही बोलत नाही म्हटल्यावर सुलाबाईंना फार सोपं वाटलं असावं. त्या भडाभडा बोलत सुटल्या.

"मालिनीवहिनी, आता तुम्हीच आमची लाज राखा. शूर्पणखेला कुणी तयार नाही. सवाष्णींच्या घरून अडचण येते, येणारच. तुमचा काही तो प्रश्न नाही. आणि खरं सांगू का, शूर्पणखासुद्धा तशीच होती. तिच्या नवऱ्याला रावणानेच मारलं होतं म्हणे. म्हणजे भूमिकेला धरूनच होईल की नाही?"

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. आत मालिनीबाईही गरम होत होत्या. पाच वर्षांनी काम आलं ते असं! पपईच्या देठांतून दोन फूत्कार बाहेर पडले. सुलाबाईंना तो होकार वाटला. "मौनं संमतिलक्षणम्," म्हणून त्या समाधानाने हसल्या आणि उठू लागल्या.

मालिनीबाईंनी त्यांचा पदर धरला. तो साचा सुटेपर्यंत काही सोडला नाही. मग देठ काढले, प्लास्टर अलगद सोडवलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "करते मी काम. पण नाकात नथ हवी."

"नथ? अहो, पण तुम्ही..."

"मला नाही, शूर्पणखेला. राम-लक्ष्मणांना भुलवायला सुंदर रूप घेऊन आली होती ती. भुंड्या नाकाने येईल का?"

"लोक काय म्हणतील?"

"तुम्हीच म्हणालात ना, ती माझ्यासारखी होती? नवरा नाही, तरी नटूनथटून आली. सगळ्यांना राग आला तो त्याचाच. नथ नसेल तर तिचं नाक कापायचं तरी कशाला? नथ असेल तर मी आहे. नाहीतर लक्ष्मणाला म्हणावं, सीतेचंच काप."

सुलाबाई नाक मुरडत गेल्या. "नाकापेक्षा मोती जड," असं जिन्यात म्हणाल्याचंही ऐकू आलं. त्यांनी पंचवटीतल्या ढुंढिराज गुरुजींना गाठून विचारलं, एका गेलेल्याच्या बायकोने नाटकात नथ घालावी का, आणि ती कापली गेली तर दोष कुणाला. यात्रेकरूंच्या गर्दीत गुरुजींना श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. ते म्हणाले, "खोट्या नाकाला सोयर ना सुतक. सुंठवडा किती माणसांचा करायचा, तेवढं सांगा." शास्त्रार्थ तिथे संपला.

मग मालिनीबाईंनी कामाचा सपाटा लावला. साच्यात प्लास्टर ओतून त्यांनी आपल्याच नाकाची पांढरी प्रतिकृती काढली. तिच्यावर कापसाचे पातळ थर आणि चिंचोक्याची खळ, पुन्हा कापूस, पुन्हा खळ. वाळल्यावर ते टरफलासारखं हलकं नाक सुटून हातात आलं. गेरू, हळद आणि तोंडाला लावायचा स्नो कालवून त्यांनी त्याला आपल्या कातडीचा रंग दिला. मग ब्लेडने त्याचे दोन भाग केले. मागचा भाग डिंकाने चेहऱ्यावर बसायचा. पुढचा शेंडा नाकपुड्यांसकट त्याला मेण आणि व्हॅसलिनने नुसता चिकटवायचा. मध्ये फुग्याचा एक तुकडा, त्यात बिटाचा रस. शेंडा निसटला की त्यात खोचलेली टाचणी फुगा फोडणार. काकवीचं रक्त या खेपेला बाद. मुंग्यांशी त्यांनी एकदाच व्यवहार केला होता.

अडलं ते नथीपाशी. दुकानातली नथ लावताच शेंडा खाली लोंबायला लागला. नाकापेक्षा मोती खरंच जड झाले होते! सुलाबाईंचं बोलणं असं अक्षरशः खरं ठरावं, याचा मालिनीबाईंना संताप आला. दोन दिवस त्या ऑफिसातही नथीचाच विचार करत होत्या. मग चतुर्थीच्या उपासाला भिजवलेला साबुदाणा त्यांनी हातात घेतला आणि खिचडी बाजूला राहिली. एकेक दाणा बारीक तारेत ओवला, सावलीत वाळवला, वरून मोतिया नेलपॉलिशचा हात दिला. मधला खडा म्हणून डाळिंबाचा दाणा वाळवून पाहिला, तो सुरकुतला. तिथे लाल काचेचा मणी आला. हेअरपिन वाकवून चाप केला. नथ फुलासारखी हलकी झाली आणि दहा पावलांवरून कुणी म्हणालं नसतं की हा उपासाचा पदार्थ आहे.

रामनवमीच्या संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. शूर्पणखा आली. हिरवं लुगडं, अंबाड्यावर गजरा, नाकात नथ. पुढच्या रांगेतल्या बायकांमध्ये थोडी कुजबुज झाली. मालिनीबाईंना ती ऐकू आली आणि जरा भीतीही वाटली. पण पहिलं वाक्य तोंडातून गेलं आणि भीती पार पळाली. काय ती लाडिक चाल, काय ते मान वेळावणं! रामाला तिने "सावळ्या" अशी हाक मारली तेव्हा मागच्या बाजूला शिट्टी वाजली. पाच वर्षं कोंडून ठेवलेली नटी होती ती, तिने काही हातचं राखलं नाही.

मग श्यामलाने तलवार उगारली. पत्र्याची तलवार नाकाला जेमतेम टेकली आणि शेंडा उडाला. बिटाचा रस भळाभळा ओठांवरून हनुवटीवर आला. मालिनीबाईंनी अशी किंकाळी फोडली की दोन पोरांनी भोकाड पसरलं. उडालेलं नाक नथीसकट पुढच्या रांगेत, थेट सुलाबाईंच्या मांडीवर जाऊन पडलं. सुलाबाईंची किंकाळी शूर्पणखेपेक्षा वरच्या पट्टीत गेली.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

झालं. सगळेच ओरडायला लागले. गाण्याला वन्स मोअर मिळतो, पण कापलेल्या नाकाला? नाशिककरांनी तो दिला. टाळ्या थांबेनात, पडदा ओढणारा दोरी धरून नुसता उभा, आणि लक्ष्मण शूर्पणखेच्या कानाशी येऊन म्हणतोय, "वहिनी, आता काय कापू?"

सुलाबाई उठल्या. दोन बोटांच्या चिमटीत नाक धरून त्या स्टेजच्या कडेशी आल्या. चेहरा पांढराफटक. "घ्या बाई तुमचं," म्हणाल्या.

मालिनीबाईंनी ते हातात घेतलं. मेण सुटलं होतं, फुगा फुटला होता, ते पुन्हा बसणार नव्हतं हे त्यांना दिसत होतं. पब्लिक तर ओरडतच होतं. त्यांनी नाकाची नथ काढली. नाक विंगेत भिरकावून दिलं. चेहऱ्यावरचा डिंकाचा उरलेला भाग ओरबाडून काढला, पदराने रक्त पुसलं, आणि आपल्या खऱ्या नाकाला, जिथे पाच वर्षं काहीच नव्हतं तिथे, ती नथ लावून चाप दाबला.

ओरडा थांबला. पुरुषांना फारसं काही कळलं नसेल. पण बायकांना बरोबर कळलं. मालिनीबाई मनातून इतक्या आनंदात होत्या की भीती वाटायचीही राहून गेली.

"लक्ष्मणा," त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य कुठल्याही संहितेत नव्हतं, "मघाचं नाक खोटं होतं. हे माझं आहे. ये, काप."

श्यामलाने तलवार वर नेली. मालिनीबाईंच्या तोंडाकडे बघितलं. तलवार खाली आली.

"मला नाही जमायचं, वहिनी," लक्ष्मण माइकमध्ये म्हणाला.

हशा असा उसळला की पडद्याचा बांबू हलला. हसता हसता पुढच्या रांगेत एक म्हातारी टाळ्या वाजवत उभी राहिली, तिच्या मागे दुसरी, मग बायकांची बाजू सगळीच. शूर्पणखा नाक सलामत ठेवून, नथ मिरवत, रामाला मुजरा करून आत गेली. रामायणात असं घडलेलं नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. तक्रार कुणी केली नाही.

आत रंग पुसायची गडबड चालली होती. सुलाबाई सुंठवड्याची ताटली घेऊन सगळ्यांना वाटत वाटत मालिनीबाईंपाशी आल्या. जरा घुटमळल्या. मग बाजूला कुणी नाहीसं बघून हळूच म्हणाल्या, "वहिनी, काम फर्मास झालं हो. पण आता रस्त्याने जायचं. नथ तेवढी काढून ठेवा."

मालिनीबाईंनी सुंठवडा तोंडात टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

"निघत नाही हो," त्या म्हणाल्या. "चाप फार घट्ट बसलाय."

त्यांनी नथीला हातसुद्धा लावून पाहिला नव्हता.