शेवंतीची पाठ

माणसाने वस्तूला जपावं, पण त्याला काही सुमार? पहिल्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशने नवी स्कूटर घेतली आणि तिचे जे लाड मांडले, तेवढे मेलेल्या बायकोचेही कधी केले नव्हते. सकाळी फडका, संध्याकाळी फडका. आणि खाली लावलेल्या स्कूटरच्या गादीवर मांजर झोपलेलं दिसलं म्हणून या बाबाने गॅलरीतून उकळतं पाणी ओतलं!

दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालताना वनमालाबाईंनी सगळं डोळ्यांनी बघितलं. त्याने खाली वाकून पाहिलं, आत गेला, आणि बऱ्याच वेळाने सांडशीत पातेलं धरून बाहेर आला. रागाच्या भरात हात उठतो, ते एक वेळ कळतं. पण पाण्याला उकळी यायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं हा माणूस गॅसपाशी उभा राहिला! ते काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

"चुकून सांडलं हो," असं त्याने साऱ्या बिल्डिंगला सांगितलं.

शेवंती म्हणजे आवारातली पिवळी मांजरी. नसबंदीचं ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून एका कानाचं टोक कापलेलं. मानेपासून शेपटीपर्यंत सोलवटून निघाली होती. कोणी म्हणालं टूथपेस्ट लावा, कोणी म्हणालं हळद. "तुमच्या तोंडाला लावा," म्हणत वनमालाबाईंनी तिला पदरात गुंडाळलं आणि रिक्षाने मुलुंड पश्चिमेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, वाचेल की नाही सांगत नाही. वनमालाबाई म्हणाल्या, मी सांगते ना, वाचेल.

मग रोज सलाईनच्या पाण्याने जखम धुवायची, पांढरं मलम लावायचं, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर. मांदेली उकडून काटे काढून भरवायची. सून अक्षता कुरकुरली, "आई, घराचा दवाखाना केलात." पण रात्री कॉलर सैल तीच करायची.

आणखी एक जण यायचा. चंद्रप्रकाशचा मुलगा, सुयोग. दिवसाआड ऑफिसातून येताना मेडिकलमधून गॉजचा गठ्ठा आणायचा, दारात ठेवायचा, शेवंतीकडे बघून मान खाली घालायचा. बापाचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. वनमालाबाईंनीही घेतलं नाही. मनात मात्र धार लावून ठेवली होती.

पाचव्या आठवड्यात दुपारी एक बाई आल्या. बोरिवलीच्या सुलक्षणाबाई. त्यांच्या भाचीचं, रेवतीचं, सुयोगशी जुळत आलं होतं. मुलगी देण्याआधी शेजारीपाजारी गुपचूप चौकशी करायची, तसं आपल्यात असतंच. वनमालाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण या बिल्डिंगची चौकशी करायला येणारा प्रत्येक जण त्यांच्याच दारात यायचा.

"माणसं कशी आहेत हो?" सुलक्षणाबाईंनी चहा फुंकत विचारलं.

वनमालाबाईंच्या जिभेवर 'नको' आलं होतं. एका शब्दात काम झालं असतं. पण गॉजचे गठ्ठे आणणाऱ्या पोराचं लग्न मोडायचं? त्याने काय घोडं मारलं होतं? त्यांनी उठून टोपली आणली आणि वरचं कापड काढलं. शेवंतीच्या पाठीवर केसच नव्हते, गुलाबी, सुरकुतलेलं कातडं.

"अगं बाई! हे काय?"

"तुमच्या होणाऱ्या व्याह्यांचं काम. स्कूटरच्या गादीवर झोपली म्हणून. आणि ही अशी वाचली ती त्यांच्या मुलाने आणलेल्या कापूस-पट्टीवर. मुलगा सोनं आहे, बाई. डोळे मिटून द्या."

"मग बाप?"

"त्या छपराखाली मुलगी देऊ नका. उद्या घरात रांगतं पोर येईल. चिकट हाताने त्याच गादीला धरून उभं राहील."

सुलक्षणाबाईंचा चहा तसाच राहिला.

आठ दिवसांनी चंद्रप्रकाश बनियनवरच वर आला. वनमालाबाई मलम लावत बसल्या होत्या.

"काकू, माझं घर फोडलंत तुम्ही! मुलीकडच्यांनी अट घातली, वेगळं राहणार असाल तरच. आणि सुयोग हो म्हणाला! घाटकोपरला जागासुद्धा बघून आला. मी या वयात एकटा राहू? एका मांजरापायी?" मग त्याचा आवाज उतरला. "चुकलं माझं. तुम्ही एक शब्द टाका त्यांच्याकडे. तुमचं ऐकतील."

वनमालाबाईंनी बोटावरचं मलम पुसलं. त्याचा चेहरा पडलेला बघून पोटात गार गार वाटलं, आणि त्याची त्यांना तसूभर लाज वाटली नाही.

"बस खाली, उभ्याने ऐकवणार नाही तुला," त्या म्हणाल्या. "शब्द मी टाकणार नाही. आज नाही, माझ्या तिरडीवरूनही नाही. मी त्या बाईला खोटं काही सांगितलं नाही, आणि तुझ्या मुलाला तर काहीच सांगितलं नाही. मुलीकडच्यांनी त्याला नुसतं विचारलं, आणि तो हो म्हणाला. एवढ्या वर्षांत तू त्याला काय दिलंस, ते त्या एका 'हो'मध्ये आलं, चंद्रप्रकाश. नातू होईल तुला. सणासुदीला आणतील, तासभर बसतील, आणि त्या तासात तुझ्या सुनेची नजर पोरावरून हलणार नाही. तू त्याला उचलायला हात पुढे केलास की ती आधी तुझ्या हाताकडे बघेल. दर वेळी बघेल. हीच तुझी शिक्षा, आणि ती मी कमी करणार नाही."