संतोकचं नाक

लाभू

जसदणच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सावजीभाई वेकरियांनी पहिली तीनचाकी जोडली, तेव्हा तिचं पुढचं धड जुन्या मोटरसायकलचं होतं आणि मागं विहिरीवरच्या पंपाचं डिझेल इंजिन. त्याच महिन्यात त्यांना थोरली मुलगी झाली. तिचं नाव लाभू ठेवलं, म्हणून गाडीचंही लाभू. शेंगा, शेळ्या, वऱ्हाड, काहीही भरा, गाडी धूर काढत पोचायचीच. शेडचा कारखाना झाला.

संतोक

दुसऱ्या मुलीच्या वेळी दुसरं मॉडेल. सावजीभाईंना जास्त माणसं बसवायची होती, म्हणून त्यांनी मागचा हौदा हातभर लांबवला. हिंगोळगढच्या चढावर सगळं वजन मागं गेलं आणि पुढचं चाक हवेत उठलं. कुणाला खरचटलंही नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं.

चालकांनी त्यावर उपाय काढला. चढ आला, की गाडीतली सगळ्यात जाड बाई पुढं, चालकाला खेटून बसवायची. तरी मॉडेल दोन वर्षांत बंद करावं लागलं. मुलगी बंद करता येत नव्हती.

संतोकबद्दल बोललं गेलेलं

"संतोकनं आज पुन्हा नाक वर केलं." चहाच्या टपरीवर, गाडीबद्दल.

"संतोकनं आज पुन्हा नाक वर केलं." शाळेत, मुलीबद्दल. फळ्यावरचं गणित बाईंचं चुकलंय, असं ती म्हणाली होती.

"पोरगी छान आहे हो. पण चढाला हिच्यापुढं कुणाला बसवायचं?" मोरबीहून पाहायला आलेल्या मुलाची आजी, बशीत चहा ओतता ओतता. सगळे हसले. संतोकही हसली. मग आत जाऊन तिनं आईला सांगितलं, की हे स्थळ नको. पुढं कुठलंच नको झालं.

मुक्ता, एम-चार, एम-सात

धाकटीच्या नावाची गाडी मात्र गुणी निघाली. तिला छप्पर आलं, मग दारं आली, मग ती राजस्थानात आणि माळव्यात जाऊ लागली. पुढं मुली संपल्या आणि मॉडेलं संपेनात, म्हणून आकडे आले. संतोक इंजिनियर होऊन कारखान्यात आली आणि सावजीभाई थकले तसा कारखाना तिच्याच हाती गेला. पन्नाशी उलटली तरी तिला एवढंच हवं होतं, की आपलं नाव पुन्हा कुठल्या पत्र्यावर चढू नये.

बॅटरीवाली

ही गाडी तिनं स्वतः आखली. बॅटरी चालकाच्या पायाखाली ठेवली, म्हणजे वजन पुढच्या चाकावर राहील. आषाढी बीजेच्या मुहूर्तावर गाडी बाजारात यायची होती.

"हिचं नाव संतोक," सावजीभाई म्हणाले.

"नाही, बापुजी."

"तुझ्या नावाला डाग मी लावला. मीच धुवायला नको?"

"तुम्ही धुवाल, लोक वाळत घालतील. बिजली ठेवा."

"बिजली आपली म्हैस होती."

"म्हैस तरी चढ चढायची ना?"

म्हातारा ऐकेना. शेवटी ठरलं, आधी गाडी हिंगोळगढचा चढ चढू दे, नाव मग बघू.

चढ

संतोक स्वतः चालवत होती. मागं वाळूच्या गोण्या आणि गोण्यांच्या मधे सावजीभाई. पायथ्याशी एका म्हातारीनं हात केला. डोक्यावर गवारीच्या शेंगांचं बोचकं.

"बेन, ही संतोक वर जाते का?"

संतोकनं ब्रेक दाबला. "काय म्हणालात, माडी?"

"संतोक गं. आवाज करीत नाही ती. बिघडली का?"

"ही नवी गाडी आहे. हिला अजून नाव नाही."

"संतोकला आणि कसलं नाव? छपराची संतोक, दारांची संतोक, ही मुकी संतोक. कुठल्याही कंपनीची असू दे."

"आणि लाभू? मुक्ता?" मागून सावजीभाईंनी विचारलं.

"त्या कोण? तुमच्या घरातल्या का?"

"हो," सावजीभाई म्हणाले.

म्हातारीनं बोचकं त्यांच्या मांडीवर टाकलं आणि स्वतः पुढं येऊन संतोकला खेटून बसली.

"माडी, मागं जागा आहे."

"चढ आहे ना. चढाला पुढंच बसायचं. माझी सासूही पुढंच बसायची."

गाडी चढली. पुढचं चाक रस्ता सोडून तसूभरही उठलं नाही. माथ्यावर म्हातारी गुडघे दाबत उतरली.

"बघ, उठली का? मी होते म्हणून."

"हो, माडी," संतोक म्हणाली आणि तिनं भाडं घेतलं नाही.

________

दुसऱ्या दिवशी गाडीवरच्या नावाची पाटी ओतणारा जीवणभाई विचारायला आला, अक्षरं कुठली घालू. सावजीभाईंनी संतोककडं पाहिलं.

"कोरी ठेवा," ती म्हणाली.

"कोरी पाटी, बेन? लोक काय म्हणतील?"

"म्हणतात तेच."

जीवणभाईला काही उमगलं नाही. त्यानं सावजीभाईंकडं पाहिलं. सावजीभाईंनी गाठियाची पुडी त्याच्यापुढं सरकवली.

"तिचं नाक बघ," ते म्हणाले, "आणि पाटी कोरी कर."