मोनाच्या पुढं चालणारी

चालायला मी दोनदा शिकले. पहिल्या खेपेचं मला काही आठवत नाही, आण्णा सांगतात ते खरं धरायचं. आण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी गोठ्यात गव्हाणीला धरून उभी राहिले, समोरच्या म्हशीनं जोरात फुसकारा सोडला आणि भिऊन मागं पडायच्या ऐवजी मी सरळ तिच्याकडंच चालत गेले. आई म्हणते हे सगळं खोटं, मी बैठकीतल्या सोफ्याला धरून चालले. पण आम्ही पडलो कोल्हापूरजवळच्या कळंब्याची माणसं. म्हशीची गोष्ट ऐकायला मिळत असताना सोफ्याची कोण ऐकणार?

दुसऱ्या खेपेचं मात्र सगळं आठवतं, कारण ते याच वर्षी झालं आणि आता मी नववीत आहे.

जुलैमध्ये शाळांच्या फुटबॉल स्पर्धा असतात. मी राईट विंगला खेळते आणि चांगली खेळते, हे मी आता न लाजता सांगते. त्या दिवशी मैदानात नुसता चिखल. बॉल माझ्या पुढं पडला, मी वळले, पण बुटाचे स्टड रुतलेले. मी वळले आणि पाय तिथंच राहिला. काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. सर धावत आले, मी म्हटलं काही झालं नाही, उठते, आणि उठायला गेले तर जमीनच पायाखाली नव्हती. घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर घालून घरी आणलं.

आमच्या गल्लीत हाड मोडलेल्या माणसाला एकच औषध ठाऊक आहे, पाया. म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा. सकाळी एका घरातून, संध्याकाळी दुसऱ्या घरातून डबा. नाही म्हटलं तर डबा आणणारी काकू समोर बसून राहायची, वाटी रिकामी होईस्तोवर. प्लॅस्टर निघालं तेव्हा पोटरी दोडक्यासारखी आणि बाकीची मी भोपळ्यासारखी. फिजिओथेरपीच्या ऋता मॅडमनी विचारलं काय काय खाल्लंस, तर आईनं मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, काकू, हे एवढं सगळं आता त्याच घोट्यानं उचलायचंय हो.

वॉकर आमच्या घरात आधीच होता. आण्णांचे गुडघे गेले तेव्हा पप्पांनी तो आणलेला. आण्णांनी त्याला एकदाही हात लावला नव्हता, त्यावर टॉवेल वाळत पडायचे. मी तो वापरायला लागल्यावर मात्र त्यांचं लक्ष सारखं त्याच्यावर. मी अंघोळीला गेले की ते हळूच तो घेऊन अंगणात एक फेरी मारायचे. मला न्हाणीच्या खिडकीतून दिसायचं. मी कुणाला सांगितलं नाही.

वॉकर सुटला, काठी सुटली, पण लंगडणं काही सुटेना. मॅडम म्हणाल्या हाड जुळलंय, ताकद येतीय, पण तू टाच टेकवून पंजावर जातच नाहीस. पाय दगा देणार याची वाट बघत चालतेस. रोज सपाटीला, घाई न करता चाल. आता आमच्या गल्लीत घाई न करता चालणं म्हणजे प्रत्येक दारात थांबून घोटा दाखवणं. मग मी मोनाला घेऊन गावच्या तळ्याकडं जायला लागले. म्हशीबरोबर चाललं की कुणी पायाकडं बघत नाही, म्हशीकडंच बघतात.

मोना ही आमची म्हैस. एकटीच उरलेली. पूर्वी गोठ्यात ओळीनं म्हशी होत्या आणि आण्णा पहाटे त्यातल्या दोन-तीन घेऊन शहरातल्या दूध कट्ट्यावर जायचे. सुट्टीच्या दिवशी मीही. तो रस्ता मला अजून पायांनी आठवतो. थंडीत तळ्यावर धुकं असायचं, पुढं आण्णांचा पांढरा पटका, मागं म्हशींच्या खुरांचा मऊ आवाज आणि मध्ये मी, कानटोपी घातलेली, सारखी बडबडत. कट्ट्यावर माणसं ग्लास घेऊन उभीच असायची. तालमीतली पोरं, फिरायला आलेले वकील, पेपर टाकणारे. म्हशीची धार थेट ग्लासात. फेस वरपर्यंत यायचा, दूध अंगासारखं कोमट. आण्णा पहिला ग्लास मला द्यायचे आणि गिऱ्हाईक ताटकळलं तरी म्हणायचे, थांबा पावणं, आमची पैलवान पिऊ दे आधी. मला त्या वेळी खरंच वाटायचं की सगळं कोल्हापूर माझ्या दुधासाठी थांबलंय.

मोना त्या वेळी एवढीशी रेडी, म्हशीचं पिल्लू, आणि मी दुसरीत. आण्णांनी तिला माझ्या मागं यायला शिकवलं. माझ्या मुठीत पेंड द्यायची आणि मला म्हणायचं, चाल, मागं बघू नको. मी हात झुलवत निघायची, ती मागं. मग पेंड बंद, नुसता आवाज. मग आवाजही बंद, नुसती माझी चाल. हे सगळं पाडव्यासाठी. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींची सगर असते. शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, कवड्यांच्या माळा घालून म्हशी चौकात आणतात. मालक पुढं पळतो, नाहीतर मोटारसायकलवर असतो, आणि म्हैस दोरीशिवाय त्याच्या मागं सुसाट येते. ज्याच्या मागं म्हैस येते त्याची मान वर्षभर ताठ. आमच्या घरातून आधी आण्णा पळायचे, मग माझा चुलतभाऊ राजवीरदादा दुसऱ्या म्हशी घेऊन पळाला. पण मोना माझी. तू नववीत गेलीस की सगरीत तूच, असं आण्णांनी सगळ्या घरासमोर सांगून ठेवलेलं. पोरगी कशी पळवणार म्हणून भावकीत कुरकुर झाली, तर आण्णांनी विचारलं होतं, म्हशीला इचारलंयसा काय?

तर नववी आली आणि घोटा मोडला.

तरी मला वाटत होतं जमेल. रोज तळ्यापर्यंत आम्ही दोघी. मी चार पावलं टाकायची, घोटा कुरकुरला की थांबायची, मोना थांबायची. मी निघाले की तीही निघायची. किती शहाणी म्हैस, म्हणून मी तिच्या कपाळाला कपाळ लावायची. दसऱ्यानंतर राजवीरदादा म्हणाला जरा बघू तरी पळते का, आणि मोटारसायकल काढली. मोना त्याच्या मागं निघाली, थोडी आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पुन्हा थोडी आली, पुन्हा उभी. मागं एसटी हॉर्न वाजवतीय, ही ढिम्म.

राजवीरदादा गाडी वळवून माझ्यासमोर आला. "काय शिकीवलंयस गं म्हशीला? जरा चालती आन् थांबती. लंगडी घालायला लावलीयास व्हय तिला?"

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. पाडवा तोंडावर आला होता आणि सगरीत मधेच उभी राहिलेली म्हैस म्हणजे गावभर वर्षाची करमणूक.

मी तडक आण्णांकडं गेले. मला वाटलं ते दादाला झापतील, नाहीतर मला धीर देतील. ते खाटेवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "म्हस तुजी हाय. तू ठरीव." एवढंच. शब्द मागं घेतला नाही, आणि माझ्यावरचं ओझंही उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तळ्याच्या कडेनं पळायचा प्रयत्न केला. खरंच केला. घोट्यात कळ आली आणि मी मटकन खाली बसले. मोना आली आणि माझ्या डोक्यावर मान धरून उभी राहिली. शेजारच्या मळ्यातून दुसऱ्या म्हशी उड्या मारत पाण्यात शिरत होत्या. हिचे कान तिकडं होते, पाय माझ्यापाशी. ऐन उमेदीतली म्हैस आणि मी तिला माझ्याबरोबर म्हातारी करत होते. तिथं बसून मी भरपूर रडले, नाक पुसलं आणि घरी येऊन दादाला सांगितलं, यंदा तू घेऊन जा. तो काही बोलायच्या आत पुढं सांगितलं की गाडीचा हॉर्न तिला कळत नाही, तिला माझी चाल कळते. तर माझी चाल तुला शिकावी लागेल.

"तुजी? ही असली?" त्यानं लंगडून दाखवलं.

"ही न्हाय. आधीची."

मग आमच्या घरामागच्या परड्यात जे सुरू झालं ते बघायला गल्ली जमायची. राजवीरदादा, तालमीतला गडी, मिशी फुटलेला, आणि त्याला मी मुलीसारखं चालायला शिकवतीय. तो चालायचा बैलासारखा, खांदे टाकून, सगळं पाऊल एकदम आपटत. मोना गोठ्यातून बघायची आणि रवंथ करायची. मी म्हटलं असं नाही, मी हात झुलवत जायची, आठव की. त्यानं हात झुलवले तर वाटलं भाषण करतोय. शेजारची काकू हसून हसून दारात बसली.

मग मी बसल्या जागी डोळे मिटले आणि स्वतःला आठवायला लागले. कट्ट्याच्या रस्त्यावरची मी, कानटोपीवाली. पाचवीतली मी, दप्तर पाठीवर आपटत तळ्याच्या बांधावरून येणारी. मैदानात उतरताना लाईनवरून आत पाऊल टाकणारी मी. त्या मुलीचा इतका हेवा वाटला मला. ती कधी पायाकडं बघतच नव्हती. ती टाच रुबाबात टेकवायची आणि पंजानं जमीन मागं ढकलून द्यायची, जशी काही जमिनीला सांगतीय, हो बाजूला.

दादाला ते तोंडानं सांगून कळेना. टाच आधी, मग पंजा, मग ढकल. तो ढकलायचा आणि पुढं झुकायचा. शेवटी माझं डोकं फिरलं. उठले आणि म्हटलं हे असं बघ, आणि परड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालून दाखवलं. वळून परत आले. तो नुसता बघत उभा. मला वाटलं अजूनही कळलं नाही, म्हणून वैतागून पुन्हा एकदा दाखवलं, हात झुलवून.

तेव्हा माझ्या मागं मोनाच्या गळ्यातली घंटा वाजली. ती दावं ताणून माझ्या मागं यायला बघत होती.

काकू हसायची थांबली होती. दादा हळू आवाजात म्हणाला, "संयोगिता, परत कर की."

परत केलं तेव्हा अर्थातच लंगडले, कारण मघाशी लंगडलेच नव्हते हे आता माझं मलाच कळलं होतं. घोटा ठणकला. पण शरीरात ती मुलगी अजून राहते, हे कळलं होतं. दिवाळीपर्यंत रोज मी दादाला शिकवत राहिले. त्याला शिकवताना दहातली सहा पावलं नीट पडायची, मग सात. आधी तो पायी, मोना मागं, मग गाडीवरून एक पाय खाली सोडून, मग नुसता त्याचा आवाज. ऋता मॅडमना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, असा व्यायाम मी कधी ऐकला नाही, पण थांबवू नकोस.

पाडव्याला मी मोनाची शिंगं रंगवली, गळ्यात माळा घातल्या आणि चौकात गर्दीत जाऊन उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मनात एक होतं. ऐन वेळी मोना दादाला सोडून गर्दीत मला शोधेल, असं वाटत होतं. हलगी कडाडली. दादा आधी पायी निघाला, हुबेहूब माझ्यासारखे हात झुलवत, आणि मग गाडीवर बसून सुटला. मोना त्याच्या मागं अशी सुटली की मोरपिसं आडवी झाली. माझ्या अगदी समोरून गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चौकात नुसती आरोळी उठली. पण इतकी सुंदर पळत होती ती, की मीही ओरडले. शेजारचा एक जण म्हणाला, कुणाची ओ म्हस? मी म्हटलं, माझी.

सगर संपल्यावर पोरांनी राजवीरदादाला खांद्यावर घेतलं आणि मोनाचा कासरा माझ्या हातात आला. आम्ही दोघी घराकडं निघालो. दिवस कलला होता, रस्त्यावर फटाक्यांचे कागद पडलेले. मी कासरा खांद्यावर टाकला आणि पुढं झाले. थोड्या वेळानं मागची घंटा लांब राहिल्यासारखी वाटली. वळून बघितलं तर मोना दमून बरीच मागं राहिली होती, तोंडाला फेस, शिंगांचा रंग धुळीनं माखलेला. मी थांबले. ती सावकाश आली. मग मी तिच्या चालीनं निघाले.

आण्णा अंगणाच्या टोकाला उभे होते, वॉकर धरून, राजरोस. बहुतेक कधीपासून वाट बघत असतील. आधी मोनाचे खूर बघितले, मानेवर हात फिरवला. मग म्हणाले, "राजवीर ब्येस पळाला म्हनं. तुज्यागत चालत हुता, सांगत आली सगळी."

मी म्हटलं, "माझ्यागत कशाला आण्णा, मीच आले की चालत."

"बगितलं," ते म्हणाले. "वळनापासनं बगतोय. चल, पाणी दाखीव तिला."