तिला काही कळत नाही

कावळा काही पिंडाला शिवेना. घाटाच्या भिंतीवर तीन-चार बसले होते, माना वाकड्या करून भाताच्या गोळ्याकडे बघत होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. ऊन चढत चाललं होतं. गेलेल्या भावाची क्रिया करणारे गोपाळकृष्ण ओल्या धोतरात अवघडून उभे होते आणि गुरुजींचं लक्ष केव्हाच पुढच्या यजमानाकडे लागलं होतं.

"जिवंतपणी कधी वेळेवर जेवला नाही, आता काय जेवणार," त्यांची मोठी बहीण वासंती म्हणाली. मग मागे उभ्या असलेल्या भावजयीकडे बघत, आवाज जराही खाली न आणता, तिने पुढे जोडलं, "उकडलेल्या बटाट्याबरोबर संसार केला. वासना राहणारच."

दोघी-तिघी पदराआड हसल्या. हा बटाटा म्हणजे गेलेल्या श्यामसुंदरांची बायको, मूळची हंगेरीची इलोना. घरात घेताना सासूबाईंनी तांदळात तिचं नाव लिहिलं उल्का, कारण म्हणे आकाशातून सुटली ती नेमकी आमच्याच घरावर पडली. आवाज खाली आणायचं कारणच नव्हतं. तिला मराठीतलं काही कळत नाही, हे सदाशिव पेठेतल्या त्या घरात सगळे धरून चालले होते. आणि तिला शब्द न् शब्द कळत होता.

लग्नानंतर पहिल्यांदा पुण्यात आली तेव्हा नवऱ्याकडून घोकून घेतलेलं एक वाक्य तिने बैठकीत म्हणून दाखवलं होतं. मला तुमचं घर आवडलं, एवढंच. घर हसून लोळलं. मग शेजारपाजारी निरोप गेले आणि जो येईल त्याच्यासमोर वासंती तिला पुढे करायची, "म्हण गं, परत म्हणून दाखव." पोपटाला पेरू दाखवून बोलतं करावं तशी ती संध्याकाळपर्यंत बोलत होती. त्या दिवशी सासरच्या माणसांत तिने तोंड मिटलं ते मिटलंच. पुढे बुडापेस्टमध्ये नवऱ्याशी भांडून आणि कोथरूडला राहायला आल्यावर भाजीवाल्या बायडाबाईशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालून तिची मराठी चांगली धारदार झाली. पण सासरी कुणी कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

श्यामसुंदरांना या प्रकाराची भारी मजा वाटायची. सणावारी पेठेतली जेवणं उरकून दोघं स्कूटरवरून निघाली की ती मागे बसून वासंतीची हुबेहूब नक्कल करायची आणि ते हसता हसता स्कूटर कडेला घ्यायचे. मूल नाही ते बरंच झालं, नाहीतर घरात आणखी बटाटे झाले असते, असं वासंती एकदा म्हणाली. तेही दोघांनी हसूनच पचवलं. खरं म्हणजे त्या दिवशी त्यांच्या पाठीवर कपाळ टेकून ती हसता हसता रडली होती. पण टेकायला पाठ होती.

त्यांचा एकच हट्ट होता. "एकदा बोल गं त्यांच्यासमोर. ताईचं तोंड बघायचंय मला." ती दर वेळी पुढच्या दिवाळीवर ढकलायची. बोललं की खेळ संपला असता.

कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याची काही इच्छा मागे राहिली, आणि जवळच्यांनी ती ओळखून शब्द दिला की तो उतरतो, असं मानतात. गोपाळकृष्णांनी हात जोडून, दादाची पुस्तकं ग्रंथालयाला द्यायचं कबूल केलं. कुणीतरी वर्षश्राद्ध थाटात करायचं कबूल केलं. कावळे ढिम्म. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून मोकळं व्हायचं सुचवलं, तेव्हा गोपाळकृष्ण दुखावले. लोक काय म्हणतील?

काय राहिलंय ते इतक्या माणसांत एकट्या इलोनाला ठाऊक होतं. पुढे जायचं आणि या सगळ्यांदेखत, मोठ्याने, श्यामसुंदरांशी मराठीत बोलायचं, एवढंच. श्याम, ऐक, मी बोलते आहे. वाक्य जुळवत ती गर्दीतून पुढे सरकली.

"अरे, त्याला हिचाच घोर लागला असणार," वासंती भावाला म्हणाली. "पाठवतो म्हणावं तिच्या देशात. कोथरूडचा फ्लॅटही आपला आपल्यात राहील."

गोपाळकृष्णांनी पुन्हा हात जोडले. "दादा, वहिनीची काळजी करू नकोस. तिला तिच्या माणसांत पोचवतो आम्ही. इथे ठेवत नाही."

बोलणं पुरतं संपलंही नव्हतं तोच भिंतीवरचा एक कावळा उतरला आणि त्याने पिंडात चोच घातली.

"सुटला बाई," म्हणून वासंतीने डोळे पुसले. ते पाणी खरं होतं. गोपाळकृष्ण इलोनाजवळ आले आणि सावकाश इंग्रजीत त्यांनी तिला समजावलं, की दादाचा जीव तुझ्यात अडकला होता, तुला सांभाळू असा शब्द दिला तेव्हा कुठे त्याला शांती मिळाली.

त्यांना तिथेच सोडून ती वासंतीपुढे जाऊन उभी राहिली.

"वन्सं, माझं माणूस इथलंच होतं. मी कुठेही जाणार नाही."

वासंतीचं तोंड उघडंच राहिलं. श्यामसुंदरांना जन्मभर बघायचं होतं ते हेच तोंड. इलोनाने सवयीने डावीकडे वळून त्यांची नजर शोधली. तिथे हेमा, गोपाळकृष्णांची बायको, पंचपात्र पुसत होती.

तेवढ्यात वासंती सावरली. "अगं बाई, वन्सं म्हणाली मला. गोपाळ, इकडे ये. हेमा, ऐकलंस का?" भोवती माणसं जमली. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्या घरातली माणसं मोकळी हसत होती. "म्हण गं, परत म्हणून दाखव."

इलोनाने चपला शोधल्या. कोथरूडची रिक्षा कुठे मिळेल, ते तिने गुरुजींना मराठीत विचारलं, आणि मागे पुन्हा हशा उसळला.

रिक्षा पूल ओलांडून गेल्यावर तिने पदर खोचला, मान वासंतीसारखी तिरकी केली आणि त्याच आवाजात, तेच हेल काढून म्हणाली, "म्हण गं, परत म्हणून दाखव."

रिक्षावाल्याने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि तो रस्ता बघायला लागला.